सात छेद बारा

खरं सांगा, शेवटचा अपूर्णांक कधी सोडवलात? दहावीत? आणि परवा शुक्रवारी रात्री हॉटेलात बिल आलं तेव्हा काय केलंत? आठ जण, त्यातले तीन व्हेज, एक जण डाएटवर म्हणून नुसतं सूप पिणारा, आणि एक उशिरा येऊन थेट डेझर्टवर तुटून पडलेला. कुणीतरी मोबाइल काढला, अॅपनं वाटणी केली, सगळ्यांनी आपापले पैसे पाठवले, विषय संपला. अंश, छेद, लसावि, काही म्हणजे काही आठवावं लागलं नाही. पगारवाढ टक्क्यांत येते, ईएमआय आपोआप कापला जातो, फ्लॅटचा कार्पेट एरिया बिल्डरच सांगतो. अपूर्णांक आपण शाळेच्या दप्तरातच ठेवून आलोय.

आणि हे फक्त आपलंच नाही बरं का! १९८०च्या दशकात अमेरिकेत ए अँड डब्ल्यू नावाच्या हॉटेलांच्या साखळीनं मॅकडोनाल्ड्सच्या पाव पौंडी बर्गरला टक्कर द्यायला एकतृतीयांश पौंडाचा बर्गर काढला. माल जास्त, चव चांगली, किंमत बेताची. तरी खपेना. तेव्हाचे मालक आल्फ्रेड टाउबमन यांनी २००७ सालच्या आपल्या पुस्तकात त्याचं कारण सांगितलंय. गिऱ्हाइकांना वाटायचं, तीनापेक्षा चार मोठे, म्हणजे एकतृतीयांशापेक्षा पाव जास्त! तेवढ्याच पैशात कमी माल कोण घेईल? बर्गर बसला.

त्याच्या थोडं आधी, १९७८च्या सुमाराला, तिथल्या राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना एक प्रश्न होता. १२/१३ अधिक ७/८, उत्तर अंदाजे किती? पर्याय: १, २, १९, २१. बरोबर उत्तर २. ते फक्त २४ टक्के मुलांनी दिलं. बाकीच्यांतल्या बऱ्याच जणांनी वरचे वर मिळवले नाहीतर खालचे खाली मिळवले, आणि १९ किंवा २१ वर खूण करून मोकळे झाले.

माझ्या भाचीनंही अगदी हेच केलं होतं. गुरुवारी दुपारी मी एका लांबलेल्या कॉलवर म्यूट होऊन बसलेले, तेवढ्यात वहिनीनं वॉट्सअॅपवर वहीचा फोटो टाकला. १/२ + १/३ = २/५. शेजारी लाल फुली. खाली वहिनीचा मेसेज: ‘तुम्हीच या आणि शिकवा आता. आमचं डोकं चालत नाही.’

तशी मी जाणारच होते. का जाणार होते ते पुढं येईलच.

गाव देवळाली प्रवरा. ऑफिसात देवळाली म्हटलं की लोक ‘हां हां, नाशिकची, मिलिटरी कॅम्पवाली!’ म्हणतात. ती नाही हो. ही आमची राहुरी तालुक्यातली, नगर जिल्ह्यातली. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण एसटीत अजून सगळे नगरच म्हणतात. वाकडेवाडीवरून शिर्डीची गाडी पकडायची, राहुरी फॅक्टरीला उतरायचं, पुढं दादा मोटारसायकल घेऊन उभा असतो. नगरपरिषद आहे, बाजारपेठ आहे, पण चार पावलं चाललं की ऊस सुरू. माणसं अजून एकर-गुंठ्यांत विचार करतात. आमच्या गोष्टीत याला फार महत्त्व आहे.

भाची सहावीत. इंग्लिश मीडियम. त्यामुळे १/२ म्हणजे ‘वन बाय टू’. हॉटेलात चहा ‘वन बाय टू’ सांगतात ते तिला माहितीये, पण वहीतला ‘वन बाय टू’ आणि कपातला ‘वन बाय टू’ यांची ओळखच झालेली नाही. तिच्यासाठी वहीत एकावर एक ठेवलेले दोन आकडे आहेत, मधे एक रेघ. बेरीज म्हणाल्यावर तिनं वरचे वर मिळवले, खालचे खाली. तिच्या दृष्टीनं यात चूक काय? आपल्याला फक्त ‘छेद समान कर’ एवढं पाठ असतं. का करायचा, हे विचारलं तर आपणही कॉफी आणायला उठू.

तर सुरुवात भाकरीपासून. पिझ्झाची चित्रं तिच्या पुस्तकात होतीच, पण स्वयंपाकघरात वहिनी भाकऱ्या थापत होती, मग पिझ्झा कशाला? अर्धी भाकरी, चतकोर भाकरी. चतकोर हा किती छान शब्द आहे ना? चौथा कोर. मराठीत भाकरी मोडतानाच छेद सांगितला जातो. अर्धी मोडली, चतकोर मोडली, दोन्ही जोडल्या, पाऊण भाकरी झाली. ‘अर्धा अधिक पाव, पाऊण’ हे भाचीनं डोळ्यांनी पाहिलं आणि लगेच म्हणाली, ‘मग टू बाय सिक्स नाही येणार!’ छान.

पण भाकरी पावापर्यंतच साथ देते. तुम्ही एकदा भाकरीचे तीन सारखे तुकडे करून दाखवाच. मर्सिडीजचा लोगो डोळ्यासमोर आणूनही एक तुकडा मोठा होतो आणि मग तो मोठा तुकडा कुणाचा यावरून भांडण. शिवाय अर्धी भाकरी आणि तिसरा हिस्सा शेजारी शेजारी ठेवला की एक फट उरते. ती फट केवढी? गोलाकडे बघून ते कळत नाही. गोल आकार दिसायला गोड, पण मोजायला नाठाळ. शाळांच्या पुस्तकांचा त्याच्यावर एवढा जीव का, मला खरंच समजत नाही.

म्हणून कागद. दादाच्या प्रिंटरमधला कोरा कागद घेतला. आधी उभी घडी, मधोमध. उघडला, दोन सारखे भाग. मग आडव्या दोन घड्या, तीन सारखे पट्टे. (तीन पट्ट्यांची घडी जमत नसेल तर पत्र पाकिटात घालताना घालतो तशी घाला, बरोबर येते.) कागद उघडून टेबलावर पसरला. भाचीनं मोजलं, सहा चौकोन.

‘आता अर्धा कागद रंगव.’ तिनं डावीकडचे रंगवले. किती चौकोन? तीन.

दुसरा तसाच कागद. ‘यातला तिसरा हिस्सा रंगव.’ वरचा पट्टा. किती? दोन.

‘एकूण किती चौकोन रंगवलेस?’

पाच. ‘कशातले?’ ती थांबली. दोन्ही कागद मिळून बारा, म्हणून बाराही मनात आले असावेत. मग म्हणाली, ‘एका कागदातले सहा असतात ना? म्हणजे सहापैकी पाच.’

पाच छेद सहा. लसाविचं नावही न घेता लसावि निघाला, तीन घड्यांत! २/५ का चूक, हे वेगळं सांगायला लागलं नाही. पाचापैकी दोन म्हणजे अर्ध्याहून कमी. आणि आपण तर अर्ध्यात अजून काहीतरी मिळवलं होतं. तिचं तिलाच हसू आलं.

त्यातला ‘सहापैकी’ हा शब्द मला फार आवडला. इंग्रजीत आधी तीन येतात, मग चौथाई. कोरियन आणि जपानी भाषांत उलटं, आधी चार भाग सांगतात आणि मग त्यातले तीन. म्हणजे आधी पूर्ण वस्तू डोळ्यासमोर येते, मग आपला वाटा. आपल्या ‘चारपैकी तीन’मध्ये हेच होतं. घरात बोलताना आपण सहज म्हणतो, ‘दहापैकी सात जण आले.’ आणि वहीत मात्र ‘सेव्हन बाय टेन’. मीडियम कुठलंही असू दे, मुलांना अपूर्णांक ‘पैकी’ लावून वाचायला लावा. घरचा उपाय आहे, पण गुण येतो.

तसाच दुसरा शब्द पाऊण. मूळ ‘पाद ऊन’, म्हणजे पाव कमी. पावणेदोन म्हणजे दोनाला पाव कमी. आजोबांच्या पिढीनं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, अगदी साडेतीनाची औटकीसुद्धा घोकली होती. ते पाढे परत आणा असं मी अजिबात म्हणणार नाही. छडीच्या धाकानं पाठ केलेलं कुणाला किती समजलं असेल देव जाणे. पण त्या शब्दांत एक शहाणपण होतं, ते म्हणजे मोठ्या पूर्ण आकड्याकडे बघून सांगायचं की किती कमी पडलं. मी भाचीला तो अमेरिकेतला प्रश्न घातला. १२/१३ किती? ‘एकाला थोडं कमी.’ आणि ७/८? ‘तेपण एकाला थोडं कमी. म्हणजे दोनाला थोडं कमी!’ राहुरीच्या बाजारात पावणेदोन किलो वांगी आणणाऱ्या पोरीला हे जमतं. फक्त वहीतल्या अपूर्णांकांशी त्याचा संबंध आहे, हे कुणीतरी सांगावं लागतं.

मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तिथल्या के. सुब्रमण्यम आणि श्वेता नाईक यांनी यावर बरंच काम केलंय. अपूर्णांकाचे दोन अर्थ, एक वाटणीचा आणि एक मोजमापाचा. तीन भाकऱ्या चार जणांत वाटल्या तर प्रत्येकाला किती, हा वाटणीचा. आणि एका मोठ्या पट्टीत छोटी पट्टी कितीदा बसते, हा मोजमापाचा. मुलांसमोर दोन्ही यावेत, एकमेकांना जोडून यावेत, असं त्यांचं म्हणणं. वाचायला सोपं वाटतं. पण आपल्या पुस्तकांत रंगवलेला गोल असतो आणि ‘रंगवलेला भाग किती’ हा प्रश्न. कुणाला वाटतोय, किती जणांत वाटतोय, याचा पत्ताच नाही.

वाटणी आमच्या घरात मात्र टेबलावरच ठेवलेली होती. प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये.

भाचीनं फोल्डरवरचं वाचलं. ‘सेव्हन बाय ट्वेल्व्ह! आत्या, म्हणजे आपली जमीन बारापैकी सात आहे का?’

आम्ही सगळे हसलो. आईसुद्धा. आता हे तिला कसं सांगायचं? ७/१२ हा अपूर्णांक नाहीच. गाव नमुना सात म्हणजे जमीन कुणाच्या नावावर, गाव नमुना बारा म्हणजे तिच्यात पीक कुठलं. दोन्ही एका कागदावर, म्हणून सातबारा. आख्ख्या महाराष्ट्रात सगळ्यात जास्त वेळा लिहिला जाणारा ‘अपूर्णांक’, आणि तोच अपूर्णांक नाही! आत क्षेत्र लिहिलंय १ हेक्टर ८२ आर, आणि घरात आम्ही म्हणतो साडेचार एकर. कागदावर दशांश, तोंडात अपूर्णांक. विहिरीतला हिस्सा तर अजूनही आण्यांत, ‘आपले चार आणे’. रुपयाचे सोळा आणे १ एप्रिल १९५७ला गेले, चार आण्यांची पंचवीस पैशांची नाणी ३० जून २०११ला चलनातून बाद झाली, पण विहिरीवर अजून चार आणे चालतात. गुंठ्याचेसुद्धा सोळा आणे असतात. ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा, असे चाळीस म्हणजे एकर. अर्धा एकर वीस, पाव एकर दहा, पाऊण एकर तीस. भाचीला हे कुणीही शिकवलेलं नाही, तरी पाठ होतं.

फोल्डरमध्ये सातबाराखाली आणखी एक कागद होता. हक्कसोडपत्राचा मसुदा. सोमवारी राहुरीला दुय्यम निबंधकांकडे जाऊन मी त्यावर सही करायची, असं ठरत होतं. मी यासाठीच आले होते.

पप्पांना जाऊन दोन वर्षं झाली. जमीन वडिलोपार्जित. मागं आई, दादा आणि मी. दादा काही सिनेमातला दुष्ट भाऊ नाही. पप्पांच्या आजारपणात नगरच्या फेऱ्या त्यानंच मारल्या, उसाला पाणी द्यायला रात्री-बेरात्री तोच जातो. त्याचं म्हणणं साधं: सगळ्याच बहिणी देतात, तू काय इथं येऊन नांगर धरणारेस? आणि आईचं म्हणणं न बोलता कळणारं: माहेर तुटू नये. तुमच्यापैकी किती जणींनी असा कागद पाहिलाय, हात वर करा. भरपूर असतील.

आमच्या ऑफिसच्या लीगलमधल्या मैत्रिणीनं मला एक निकाल वाचायला दिला होता. मी तो मोबाइलवर घेऊन आले होते. कायद्याच्या निकालांचा मला कंटाळा आहे, पण हा चक्क अपूर्णांकांच्या बेरजेवरचा निघाला. गुरुपाद खंडाप्पा मगदूम विरुद्ध हिराबाई खंडाप्पा मगदूम, सर्वोच्च न्यायालय, १९७८.

भाचीला म्हटलं, चल, हे चित्र काढू.

खंडाप्पा १९६० मध्ये वारले. मागं पत्नी हिराबाई, दोन मुलगे, तीन मुली. हिराबाईंनी सांगलीच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला, माझा वाटा चोवीसपैकी सात. तो कसा? १९५६च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आधी असं समजायचं की खंडाप्पा जाण्याच्या क्षणी घरात वाटणी झाली. ही वाटणी कल्पनेतली. तिच्यात वाटेकरी खंडाप्पा आणि दोन मुलगे, आणि आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे पत्नीलाही मुलाएवढा वाटा. म्हणजे चार. आम्ही कागदाला आडव्या घड्या घालून चार पट्टे केले. एक हिराबाईंचा, एकेक मुलग्यांचा, एक खंडाप्पांचा. मुली या वाटणीत नाहीतच.

मग दुसरी पायरी. खंडाप्पा गेले, त्यांचा पट्टा सगळ्या वारसांत सारखा. वारस सहा: पत्नी, दोन मुलगे, तीन मुली. कागदाला उभ्या पाच घड्या. कागदावर चोवीस चौकोन झाले, एका पट्ट्यात सहा. खंडाप्पांच्या पट्ट्यातला एकेक चौकोन प्रत्येकाला. हिराबाईंचे स्वतःच्या पट्ट्यातले सहा, अधिक हा एक. सात. चोवीसपैकी सात.

‘पाव अधिक एक छेद चोवीस,’ भाची म्हणाली. ‘इझी आहे.’

इझी आहे ना? पण खालच्या कोर्टानं ही बेरीज करायला नकार दिला. तुमचा हिस्सा फक्त नवऱ्याच्या वाट्यातला, म्हणजे चोवीसपैकी एक, असा निकाल. उच्च न्यायालयानं तो फिरवला आणि सात दिले. मुलगा सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथं सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या निकालानं सात कायम झाले. वाटणी झाली असं एकदा धरलं ना, मग ती शेवटपर्यंत धरा, पत्नीचा वाटा मधेच विसरू नका, असा त्यातला मुद्दा. नवऱ्याच्या मृत्यूनंतर अठरा वर्षांनी १/४ आणि १/२४ची बेरीज पक्की झाली!

भाची मात्र चित्राकडेच बघत होती. मुलग्यांचे सात सात, आईचे सात, आणि तीन मुलींचा एकेकच चौकोन. तिनं तिन्हींत वेगवेगळा रंग भरला. ‘यांना एवढंसंच?’

तेव्हाचा कायदा तसा होता. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये बदल केला, पण २२ जून १९९४च्या आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. मग ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीनं मुलगी मुलासारखीच जन्मानं वाटेकरी झाली, लग्न झालेलं असो वा नसो. त्या तारखेला वडील हयात हवेत की नकोत, यावरून कोर्टाकोर्टांत गोंधळ होता. तो ११ ऑगस्ट २०२०च्या विनीता शर्मा निकालानं मिटला: हक्क जन्मानं आहे, वडील हयात असण्याची अट नाही. म्हणजे खंडाप्पांचं घर आजच्या कायद्यात बसवलं तर? आधी सात वाटे, मग वडिलांचा सातवा वाटा सहा जणांत. लांबलचक वाटतं, पण उत्तर सोपं. सगळ्यांना सारखंच, सहापैकी एक. चोवीस चौकोनांत प्रत्येकाचे चार. मुलीचा एक होता, चार झाले.

आता आमचं वावर. मी नवा कागद घेतला. साडेचार एकर, तीन पट्टे, प्रत्येकाचे तीन चौकोन. नऊ चौकोन, एकेक चौकोन बरोब्बर अर्धा एकर. जुन्या पद्धतीनं पप्पांचा एक पट्टा, आईचा एक, दादाचा एक. पप्पांच्या पट्ट्यातला एकेक चौकोन तिघांना. आईचे चार, दादाचे चार, माझा एक. म्हणजे दोन एकर, दोन एकर आणि अर्धा एकर. आजच्या कायद्यानं तिघांचे तीन तीन. दीड दीड एकर.

अर्धा आणि दीड. हे शब्द स्वयंपाकघरापर्यंत ऐकू गेले. वहिनीनं तवा उतरवून ठेवला.

‘आणि सोमवारच्या कागदावर किती?’ भाचीनं विचारलं. तिला गणित पुढं न्यायचं होतं, बाकी काही नाही. मी म्हटलं, शून्य. तिनं एक चौकोन काढला, त्यात काहीच रंगवलं नाही आणि शेजारी लिहिलं ०/९.

मग ती म्हणाली, ‘आणि मी कुठंय?’

तुझ्या पप्पांच्या तीन चौकोनांत, मी म्हटलं. जमीन वडिलोपार्जित आहे, त्यामुळे त्यांच्या वाट्यात तूही जन्मापासून आहेस. तुझा छोटा भाऊ जेवढा, तेवढीच तू. तिनं ते तीन चौकोन परत बारकाईनं बघितले.

दादा एवढा वेळ दारात टेकून उभा होता. आई वहीकडे बघत म्हणाली, ‘आमच्या टायमाला कुणी असं काढून दाखवलं नाही. माझ्या भावांनी अंगठा दे म्हटलं, दिला. किती दिला ते आजपर्यंत ठाऊक नाही.’ तिला सही येते, पण तेव्हाही अंगठाच घेतला होता म्हणे.

दादा येऊन बसला. चित्र स्वतःकडे ओढलं. मला वाटलं आता वाद. पण शेतकरी माणूस, त्याला त्यात वेगळंच दिसलं. ‘हे चुकीचं आहे,’ तो म्हणाला.

काय चुकलं? चौकोन तर सारखे होते.

‘वरचा पट्टा विहिरीला लागून. मधला बरा. खालचा ओढ्याकडं, तिथं चोपण झालंय, पाणी निघत नाही, मीठ फुटतं. आणि रस्ता वरच्या अंगाला. खालचा पट्टा घेणारा ट्रॅक्टर कुठून नेणार? तीन चौकोन सारखे म्हणून वावर सारखं होतं होय?’

कालव्याच्या पाण्यावर वर्षानुवर्षं ऊस घेतलेल्या आमच्या पट्ट्यात चोपण जमिनीचं दुखणं घरोघरी आहे. एवढी घडी घातलेली, रंगवलेली आमची सुंदर आकृती, आणि त्यानं एका वाक्यात ती मातीत नेली. पुस्तकात ‘सारखे भाग’ असतं ते कागदाचे. दादाला क्षेत्राचं सारखेपण नको होतं, पिकाचं हवं होतं.

‘मग कसं करायचं?’ भाचीनं विचारलं.

त्यानं तिच्या हातातली पेन्सिल घेतली आणि कागद आडवा फिरवला. रस्त्यापासून ओढ्यापर्यंत, वरून खालपर्यंत, दोन लांब उभ्या रेघा. प्रत्येक पट्ट्याला वर थोडी विहिरीची बाजू, मधे बरी जमीन, खाली थोडं चोपण. प्रत्येकाचं एक तोंड रस्त्याला. आमच्याकडं वाटण्या अशाच होतात, म्हणून वरून पाहिलं तर वावरं लांब चिरोट्यांसारखी दिसतात. तीन उभे पट्टे, प्रत्येकी दीड एकर. भाचीनं पट्टी लावून रुंदी मोजली. सारखी होती.

हक्कसोडपत्र फोल्डरमध्येच होतं. त्याबद्दल कुणीच काही बोललं नाही. दादा त्या दोन रेघांकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्यातल्या एका रेघेवर त्यानं पेन्सिल परत फिरवली, ती जाड केली आणि मला विचारलं, ‘मधला बांध कुणाच्या हिश्श्यात धरायचा?’